सहासष्ट जणांची नोंद

प्रति,
डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग,
नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, बेथेस्डा, मेरीलँड.

आदरणीय डॉक्टर,


मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली 31 वर्षं जनरल सर्जन म्हणून काम करते. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, गळवं, साखरेच्या आजाराने काळी पडलेली पावलं, हे माझं रोजचं काम. कॅन्सरची तज्ज्ञ मी नाही आणि संशोधक तर नाहीच. तरी तुम्हाला लिहितेय, कारण तुम्हीही आधी सर्जन आहात, आणि मला तुमच्याशी एका जुन्या केसपेपरबद्दल बोलायचं आहे.

पत्र मराठीत लिहितेय आणि जाहीर लिहितेय. कुणीतरी भाषांतर करून ते तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. पण लेकी बोले सुने लागे, हाही हेतू आहे. माझ्यासारखे तालुक्याला छोटी हॉस्पिटलं चालवणारे, दिवसाला चार-पाच गाठी लोकल भूल देऊन काढणारे सर्जन महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. त्यांनी हे वाचावं.

1968 साली तुम्ही बॉस्टनमधल्या वेस्ट रॉक्सबरीच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात रेसिडेंट होता. एक माणूस पोटात दुखतंय म्हणून आला. पित्ताशयाचं साधं दुखणं. रेसिडेंटने करायची ती सगळी कामं तुम्ही केली, त्यातच त्याचा जुना केसपेपर काढून वाचला. त्यात लिहिलं होतं की 12 वर्षांपूर्वी याच माणसाचं पोट उघडलं होतं, जठरात कॅन्सर होता, तो यकृतापर्यंत पसरला होता. सर्जनने जठराचा भाग काढला, बाकीच्या गाठी तशाच ठेवल्या आणि पोट शिवून त्याला घरी पाठवलं. म्हणजे मरायला पाठवलं. आणि तो माणूस 12 वर्षांनी तुमच्यासमोर बसून पित्ताशयाची तक्रार सांगत होता.

तुम्ही जुन्या स्लाइड पुन्हा तपासून घेतल्या. निदान चुकलेलं नव्हतं. मग ऑपरेशनच्या वेळी पित्ताशय काढताना यकृतावरून हात फिरवला. कुठेही गाठ लागली नाही. कॅन्सर गेलेला होता, आणि तो कोणत्याही औषधाने गेलेला नव्हता. शरीरानेच तो संपवला असणार, हा विचार तेव्हापासून तुम्हाला सुटला नाही. त्या माणसाचं रक्त तुम्ही जठराच्या कॅन्सरच्या दुसऱ्या एका रुग्णाला देऊन पाहिलं. काही उपयोग झाला नाही, तो रुग्ण गेला. पण तुमच्या आयुष्याची दिशा ठरली ती त्या पित्ताशयाच्या रुग्णामुळे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लोकांना त्यात चमत्कार दिसतो तो मला दिसला नाही. मला दिसला तो 12 वर्षं जपून ठेवलेला केसपेपर. स्लाइड दिसल्या. कुणीतरी 1956 साली त्या माणसाच्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला, मेणात बसवला, पातळ कापून काचेवर घेतला, त्यावर नंबर लिहिला आणि कपाटात ठेवला. तो माणूस लवकरच मरणार हे माहीत असूनही ठेवला. हे सगळं झालं नसतं तर 1968 साली तुम्ही एक पित्ताशय काढलं असतं आणि जेवायला गेला असता.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

1996 सालचा पावसाळा. त्या वेळी मी दुसऱ्याच्या हॉस्पिटलात काम करत होते, त्या हॉस्पिटलचं नाव इथे नको. पन्नाशीचे एक शेतकरी आले. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला काळपट, रुपयाएवढा डाग, मधे थोडं उंचावलेलं, कडेला चीर. म्हणाले, ‘‘बाई, कुरूप झालंय. चालताना टोचतं. बाभळीचा काटा मोडला होता मागं.’’ पाय अनवाणी वापरातले, भेगाळलेले, मातीने रंगलेले. मीही कुरूपच धरलं. लोकल भूल दिली, डाग कापून काढला, तीन टाके घातले. कापलेला तुकडा ट्रेमध्ये होता. सिस्टरने विचारलं, पाठवायचा का? पॅथॉलॉजीला पाठवायचा म्हणजे सोलापूरला, त्याचे वेगळे पैसे. शेतकऱ्यांनी विचारलं, ‘‘त्याचे किती हुतील?’’ मी म्हटलं, राहू द्या, गरज नाही. तुकडा बादलीत गेला. ओपीडीच्या रजिस्टरात मी लिहिलं: डावा पाय, कुरूप, काढले. पुढे ‘रिपोर्ट’ या रकान्यात आडवी रेघ.

दीड वर्षाने ते परत आले ते जांघेत लिंबाएवढी गाठ घेऊन. गावात त्याला अवधाण म्हणाले होते, पायाला जखम झाली की येतं तसं. टाचेवर जुन्या व्रणाच्या कडेला पुन्हा काळं दिसत होतं. या वेळी मी तुकडा पाठवला. रिपोर्टात एकच शब्द होता. मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. सहा महिन्यांत ते गेले. मी पुन्हा पुन्हा ते जुनं रजिस्टर उघडून ती आडवी रेघ पाहत राहिले. पहिल्या वेळी तो डाग किती खोल होता, तेव्हाच पुरेशी कातडी कडेने काढली असती तर काय झालं असतं, हे आता जगातला कोणताही पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. कारण तुकडाच नाही.

त्यानंतर मी तुमच्याबद्दल वाचायला लागले. मेलानोमा म्हटलं की तुमचं नाव टाळता येत नाही.

1974 साली, वयाच्या 33 व्या वर्षी तुम्ही बेथेस्डात सर्जरीचे प्रमुख झालात. ब्रॉन्क्समध्ये वाढलेला पोलंडच्या ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. महायुद्ध संपल्यावर घरी पोस्टकार्डं यायची आणि त्यांत कोण कोण छळछावण्यांत मारलं गेलं ते कळायचं, आणि त्याच वयात आपण डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं तुम्ही मुलाखतींत सांगितलं आहे. तुमच्या कामात पुढे जी चिकाटी दिसते तिचं मूळ मला त्या पोस्टकार्डांत दिसतं. अर्थात हा माझा तर्क.

शरीरातल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी कॅन्सरला ओळखतात, पण त्यांची संख्या आणि जोर कमी पडतो, हा तुमचा अंदाज होता. त्यांना शरीराबाहेर वाढवायचं तर खुराक हवा. तो खुराक 1976 साली रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत सापडला, त्याला पुढे इंटरल्यूकिन-2 असं नाव पडलं. 1983 मध्ये त्याचं जनुक वेगळं करता आलं आणि जिवाणूंकडून ते औषध भरपूर बनवून घेता येऊ लागलं. आधी तुम्ही वेगवेगळ्या तऱ्हेने एकामागून एक 66 रुग्णांना उपचार दिले. 66 जणांपैकी एकालाही गुण आला नाही.

इथे मला थांबायचं आहे. तुमच्याबद्दल लिहिणारे सगळे 67 व्या रुग्णाकडे धावतात. 1984 च्या नोव्हेंबरमधली ती नौदलातली 33 वर्षांची अधिकारी, अंगभर पसरलेला मेलानोमा, तुम्ही वाढवलेल्या तिच्याच पेशी आणि त्याबरोबर इंटरल्यूकिन-2 चा तोवर दिला नव्हता एवढा मोठा डोस. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून फुप्फुसांत साठलं, ती मरणाच्या दारात पोचली आणि परत आली. काही महिन्यांत गाठी विरघळून गेल्या आणि ती पुढे 30 वर्षांहून अधिक जगली. मोठीच गोष्ट आहे. पण मी सर्जन आहे आणि मला आठवतात ते आधीचे 66. त्यांतल्या प्रत्येकाच्या सह्या घेतल्या असणार. प्रत्येकाच्या नातेवाइकांना बाहेर येऊन सांगितलं असणार. आणि प्रत्येकाचा डोस, दिवस, ताप, लघवीचं प्रमाण, गाठीचं माप, मरण, सगळं लिहून ठेवलं म्हणूनच 67 व्या वेळी किती डोस द्यायचा याचा अंदाज करता आला. ते सहासष्टही तुमच्या यशाचे तेवढेच मालक आहेत असं मला वाटतं, आणि तुमचं लिखाण वाचून तुम्हालाही तसंच वाटतं असा माझा समज आहे.

1985 च्या डिसेंबरमध्ये तुम्ही 25 रुग्णांचा अहवाल छापला. 11 जणांच्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या होत्या, एकाच्या पूर्ण गेल्या होत्या. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. पुढे वेगवेगळ्या केंद्रांत इंटरल्यूकिन-2 चा मोठा डोस घेतलेल्या मेलानोमाच्या 270 रुग्णांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा खरा आकडा समोर आला: गुण 16 टक्क्यांना, पूर्ण बरे फक्त 6 टक्के. पण त्या 6 टक्क्यांतले बरेच जण बरेच राहिले. 1998 साली मेलानोमासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

मधल्या वर्षांत तुम्ही गाठीतच शिरलेल्या टी पेशी काढून, वाढवून परत द्यायला लागलात. 1988 मध्ये 20 पैकी 11 जणांना गुण आला. 1989 च्या मे महिन्यात तुमच्याच हॉस्पिटलात बाहेरून जनुक घातलेल्या पेशी माणसाला अधिकृत परवानगीने पहिल्यांदा दिल्या गेल्या. या कामाचा पुढचा प्रवास इथे सगळा सांगत बसत नाही. शेवटी 2024 च्या फेब्रुवारीत गाठीतल्या पेशी वाढवून परत देण्याच्या तुमच्या पद्धतीवरच्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली, घट्ट गाठीच्या कॅन्सरसाठी मान्य झालेला पहिला टी पेशी-उपचार म्हणून.

मला मात्र तुमचे तीन वेगळेच कागद जास्त मोलाचे वाटतात.

एक 2004 सालचा. कॅन्सरच्या लशींवर तुम्ही वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती. तुम्ही आपल्याच 440 रुग्णांचा हिशेब मांडलात आणि लिहिलंत की गुण आला तो अवघ्या 2.6 टक्क्यांना. स्वतःच्या कामाबद्दल असं लिहायला छाती लागते. दुसरा 2010 चा. आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला तुम्ही बदललेल्या टी पेशी दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास अडकायला लागला, पाचव्या दिवशी रुग्ण गेला. त्या पेशींनी कॅन्सरबरोबर फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही हल्ला केला असावा, हे तुमच्या लोकांनी तपशीलवार छापलं, जगातल्या कुणाच्याही हातून पुन्हा तसं होऊ नये म्हणून. आणि तिसरा 1996 चा. ज्या वर्षी मी तो तुकडा बादलीत टाकला, त्याच वर्षी तुम्ही न्यू इंग्लंड जर्नलमध्ये वैद्यकीय संशोधनातल्या गुप्ततेविरुद्ध लिहिलंत. कंपन्यांच्या करारांपायी माहिती दडवली तर त्याची किंमत रुग्ण मोजतात, हा त्याचा रोख. हे लिहिणारा माणूस सरकारी हॉस्पिटलात काम करत होता, जिथे रुग्णांकडून उपचाराचा पैसा घेतला जात नाही. माझ्यासारखीला हे फार जवळचं वाटतं.

म्हणूनच एक दुःखही सांगते. त्या सरकारी वॉर्डात, फुकट उपचार घेत, मरण्याची तयारी ठेवून ज्यांनी आपली शरीरं दिली, त्यांच्यामुळे तयार झालेल्या त्या पेशी-उपचाराची अमेरिकेतली किंमत 5,15,000 डॉलर लावली गेली. चार कोटी रुपयांच्या वर. माझ्या तालुक्यात चार कोटींची जमीन असलेले लोकही थोडे आहेत. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण हा आकडा चूक आहे असं तुम्ही म्हणालात तर त्याला जे वजन येईल ते माझ्या शब्दाला येणार नाही.

आता तळपायाकडे येते, कारण पत्र त्यासाठीच आहे.

तुमच्याकडचा मेलानोमा बहुतेक उन्हाचा. गोऱ्या कातडीवर ऊन पडतं, पेशींच्या जनुकांत हजारो बदल होतात. त्या बदलांमुळे पेशींवर परकी प्रथिनं दिसतात आणि टी पेशी नेमक्या त्यांनाच ओळखतात. गाठीतल्या पेशी हे बदललेले तुकडे कसे ओळखतात ते तुमच्याच प्रयोगशाळेने 2013 मध्ये मेलानोमाच्या रुग्णांत शोधून दाखवलं. जिम ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना ज्या शोधासाठी 2018 चं नोबेल मिळालं त्यातून आलेली औषधंही अशाच मेलानोमावर जास्त चालतात. त्यांतली दोन औषधं एकत्र दिलेल्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी 43 टक्के लोक दहा वर्षांनीही जिवंत होते. जिथे पूर्वी वर्ष काढणं कठीण होतं तिथे!

आमच्याकडे मेलानोमा मुळातच कमी. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली होतो. बॉब मार्लीला झाला होता तोही पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा. तळपायाला ऊन लागत नाही. त्या गाठीत जनुकांचे बदल थोडे, म्हणून टी पेशींना ओळखायलाही थोडं, आणि म्हणून ही नवी औषधं तिथे कमी चालतात. शिवाय लोक उशिरा येतात, कारण कुरूप, चामखीळ, नखुरडं, मोडलेला काटा यांपैकीच काहीतरी वाटतं. त्यांना वाटतं तसंच आम्हा डॉक्टरांनाही वाटतं.

नोंदी ठेवायची परंपरा आमच्याकडे नाही असं समजू नका. मुंबईत 1963 साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या बार्शीत 1987 पासून डॉ. भगवान नेने आणि टाटा मेमोरियल यांनी देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री उभी केली. त्यांची माणसं गावोगाव फिरून, पारावर बसून, घरात जाऊन कुणाला काय झालं ते विचारतात आणि लिहितात. आणि याच सवयीतून टाटाच्या डॉक्टरांनी एक मोठं काम केलं. त्या नव्या औषधांपैकी निव्होल्युमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. तो आमच्या रुग्णांना परवडत नाही. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांमध्ये पाहिलं: काहींना स्वस्तातल्या गोळ्या, काहींना त्याच गोळ्या आणि तीन आठवड्यांतून एकदा फक्त 20 मिलिग्रॅम निव्होल्युमॅब. वर्षाअखेर पहिल्या गटात 16.3 टक्के जिवंत होते, दुसऱ्यात 43.4 टक्के. हा मेलानोमा नाही, आणि एका कॅन्सरचं गणित दुसऱ्याला लावू नये हे मला कळतं. पण किती द्यायचं हे रुग्णाकडे बघून आणि मोजून ठरवता येतं, हे या कामाने दाखवलं. तुम्ही 1984 ला वरच्या टोकाने मोजलंत, यांनी खालच्या टोकाने.

2019 मध्ये माझ्याकडे एक निवृत्त मास्तर आले. उजव्या पायाच्या करंगळीजवळ काळा डाग. या वेळी तुकडा त्याच दिवशी गेला. मेलानोमा, पण वेळेत सापडलेला. मुंबईत नीट ऑपरेशन झालं. दोन वर्षांनी फुप्फुसात गाठी आल्या. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे या नव्या औषधांच्या, उपचाराचा खर्च ऐकून त्यांची मुलं गप्प झाली. मास्तरांनी स्वतःच विचारलं, ‘‘मॅडम, आमच्या पायाच्या आजारात हे औषध किती जणांना लागू पडतं?’’ मी जे वाचलं होतं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे आमचा वेगळा हिशेब कुणी फारसा ठेवलेलाच नाही.’’ आयुष्यभर हजेरीपट लिहिलेला माणूस तो.

तेव्हा माझी विनंती अशी. तुमच्या 50 वर्षांच्या कपाटांत तळपायाच्या, तळहाताच्या, नखाखालच्या मेलानोमाचे रुग्ण असणारच. थोडे असतील. त्यांचा सगळ्यांचा वेगळा हिशेब मांडा. कुणाला काय दिलं, किती दिलं, कुणाला गुण आला, आणि मुख्य म्हणजे कुणाला आला नाही. तुमच्या त्या 440 जणांसारखा, काही न लपवता. आणि तो टाटा आणि बार्शीच्या लोकांच्या हाती द्या. त्यांच्याकडे मोजणारी माणसं आहेत आणि कमी पैशात उपचार बसवण्याची जिद्द आहे.

इथल्या माझ्या सर्जन मित्रांना एवढंच सांगते: पायाच्या तळव्यावरून काढलेली कोणतीही काळी गोष्ट बादलीत टाकू नका. रुग्णाने पैशाचं विचारलं तर ते पैसे आपण भरू. 1998 पासून मी तेच करते.

आणि तुमच्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. 1998 पासून माझ्या हातातून गेलेल्या तळपायाच्या मेलानोमाच्या नोंदी तिच्यात आहेत: वय, गाव, डाग किती दिवसांचा, आधी काय समजून काय लावलं, रिपोर्ट, पुढे काय झालं. सगळ्या मिळून नऊ आहेत. रुग्णांची नावं झाकून झेरॉक्स पाठवायची माझी तयारी आहे. पहिल्या पानावर 1996 ची नोंद मी आठवणीने लिहिली आहे, तिचा रिपोर्टचा रकाना मात्र कोराच आहे.

कळावे,
आपली,
एक जनरल सर्जन, सोलापूर जिल्हा